लागतं का कुठं?

माणूस दुकानाची पायरी चढला की नानासो त्याच्या तोंडाकडे बघत नसत, पायाकडे बघत. अडतीस वर्षांची सवय. चालत येणाऱ्याची टाच कुठल्या अंगाला झिजली आहे, चवडा किती फाकला आहे, हे दारापासून खुर्चीपर्यंतच्या दहा पावलांत त्यांना कळायचं. गिऱ्हाईक बसेपर्यंत यांचा हात बरोबर खोक्यावर पडलेला असे.

सांगलीच्या गणपती पेठेत ते दुकानात लागले तेव्हा तिथे लाकडी फळ्या होत्या, छताला एकच पंखा होता आणि खोकं उघडलं की कोऱ्या चामड्याचा वास पार रस्त्यापर्यंत जायचा. आता काचेचं दार आलं, गारवा आला, भिंतभर आरसे आले. पण नानासोंचं बुटकं स्टूल तेच राहिलं. पुढच्या बाजूला उतरता तुकडा असलेलं, गिऱ्हाइकानं पाय ठेवावा असं. त्यावरचं रेक्झिन तीनदा बदललं, लाकूड नाही. टाचेशी धरायचा पितळी चमचाही तोच, झिजून सोन्यासारखा झालेला.

त्यांचे काही नियम होते. माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय फुगतो. सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. माप दोन्ही पायांचं घ्यायचं, माणसाला उभं करून घ्यायचं, आणि मोजे काढून घ्यायचं. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, टाच मात्र उचलली जाता कामा नये. आणि "सैल पडंल हळूहळू" हे वाक्य दुकानात कुणी बोलायचं नाही. नवीन लागलेल्या पोरांना ते सांगत, "चामडं काय सैल पडत न्हाई रं एवढं. सैल पडतो त्यो माणूस. चावून घेतो आणि गप बसतो."

शेवटी ते बुटावरून अंगठ्यानं दाबत दाबत विचारत, "लागतं का कुठं?" आणि हे विचारताना मात्र गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत. माणूस भिडेनं नाही म्हणतो, पण भुवई हलते. मिरजेचे डॉक्टर, कॉलेजचे प्राध्यापक, महाबळेश्वरचे हॉटेलवाले, सगळे येऊन विचारायचे, "नानासो आहेत का? नसतील तर उद्या येतो."

अशा माणसाला आपल्या कामाची लाज वाटायचं काही कारण नव्हतं. वाटतही नव्हती. ती लावली मेहुण्यानं.

बारा वर्षांपूर्वी धनाजीच्या, म्हणजे नानासोंच्या बायकोच्या भावाच्या, नव्या घराची वास्तुशांत होती. जेवणाच्या पंगतीत कुणी तरी विचारलं, दाजी काय करतात? धनाजी वाढता वाढता म्हणाला, "आमचं दाजी? अर्धी सांगली रोज यांच्या मांडीवर पाय ठेवती!" पंगत हसली. नानासोही हसले. मंगलताई हसल्या नाहीत. परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाल्या, "उद्यापास्नं कुणी विचारलं तर मॅनेजर हाय म्हणून सांगायचं. आपल्याला पोरगी हाय."

ती पोरगी माया. बघता बघता बी.एड. झाली, शाळेत लागली. तिच्या लग्नाची माहिती मोबाइलवर फिरवायची वेळ आली तेव्हा मंगलताईंनी ती स्वतः सांगून लिहून घेतली. वडील : प्रसिद्ध फूटवेअर शोरूममध्ये मॅनेजर. नानासोंनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. खोडा म्हणाले नाहीत. खोटं त्यांनी बोललं नव्हतं, पण बोललेलं चालवून घेतलं होतं.

स्थळ आलं वडूजच्या बाजूचं. मुलगा शंभूराज साताऱ्याला पाटबंधारे खात्यात. वडील हरिबा गावाकडे. चाळिशीपर्यंत मेंढरांमागे फिरलेला माणूस, पाऊसपाणी बघून कधी कोकणाच्या अंगाला, कधी कृष्णाकाठी. आता थोडी ज्वारी, थोडा कांदा, दारात पाचसहा शेरडं. डोक्याला तांबडा फेटा, हसला की ओसरीवरची कोंबडी उडावी असं हसणं. नानासोंचे वडीलही मेंढरांमागेच गेलेले. हरिबाला बघताना त्यांना वडिलांची सय आली. तेच उन्हानं शिजलेलं कातडं, तीच मान कलती करून ऐकायची तऱ्हा. पण हरिबानं हात जोडून "या मॅनेजर पाव्हणं," म्हटलं आणि ती सय आत कुठे तरी जाऊन बसली.

सुपारी फुटली. मे महिन्यातला मुहूर्त निघाला.

आपल्याकडे बस्ता बांधायचा म्हणजे अर्धं लग्नच. व्याह्याचा मान म्हणून पोशाख आणि पायताण मुलीच्या बापानं करायचं. सांगलीत कापड घ्यायला दोन्हीकडची मंडळी यायची ठरली, तेव्हा शंभूराजच म्हणाला, "बूट मामांच्या शोरूममधनंच घेऊ की. आबांनी जन्मात बूट घातला नाही, एकदा घालू दे."

आदल्या दिवशी नानासोंनी बिराप्पाला बाजूला घेतलं. बिराप्पा जतकडचा, पन्नाशीचा, वीस वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलेला.

"उद्या पाव्हणं येणार हायती. तू दाखव बूट. मी काउंटरला थांबतो."

"का? तुमी न्हाई बसणार?"

"आणि हे बघ... आण्णा म्हणू नको. साहेब म्हण."

बिराप्पानं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं, साहेब."

मंडळी आली ती सकाळी अकराला, कापडखरेदीच्या आधीच, कारण परत वडूज गाठायचं होतं. पायरी चढणाऱ्या हरिबाच्या पायांकडे नानासोंची नजर सवयीनं गेली. चवडा पंख्यासारखा फाकलेला, टाच अरुंद. मेंढक्याचा पाय. पण त्या पायांत, मे महिन्याच्या उन्हात, सँडलच्या आत जाड करडे मोजे होते. हे नवल त्यांना वाटलं. मग हरिबाची बायको हरणाबाई, शंभूराज, मंगलताई, माया असे सगळे आत आले आणि ते नवल गर्दीत हरवलं.

"साहेब, पाव्हण्यास्नी पाणी सांगू का चा?" बिराप्पा मोठ्यानं म्हणाला. मंगलताईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

हरिबा खुर्चीच्या टोकावर बसला. "आमच्या पायाला बूट म्हंजी रेड्याला टोपी, पाव्हणं!"

"आवं, ल्योकाच्या लग्नात तरी माणसात या," हरणाबाई म्हणाल्या.

बिराप्पा नानासोंच्या स्टुलावर बसला. मोज्याला हात घालणार तोच हरिबानं पाय झटकन मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या. मोजं ऱ्हाऊ द्या."

"काढायला पायजे, आबा. माप कळत न्हाई."

"म्हटलं ना ऱ्हाऊ द्या!" आवाज चढला. हरणाबाई आरशात पदर नीट करू लागल्या.

"राहू दे बिराप्पा," काउंटरमागून नानासो म्हणाले. "मोज्यावरच बघ."

बिराप्पानं मान वर केली. वीस वर्षांत हे वाक्य त्यानं या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यानं माप लावलं आणि म्हणाला, "नऊ. आणि रुंद." फळीवरून गोल तोंडाचा, मऊ चामड्याचा काळा जोड काढला.

"ह्यो नगं बाई," हरणाबाई म्हणाल्या. "पेन्शनवाल्याचा दिसतोय. त्यो द्या की, टोकाचा, चकचकीत."

टोकाच्या जोडात नऊ नंबर संपला होता. आठ होता.

"आठ कमी पडंल," बिराप्पा म्हणाला, आणि नानासोंकडे वळला. "साहेब, तुमी एकदा हात लावून बघताय का?"

सगळ्यांच्या माना काउंटरकडे वळल्या. हात लावायचा म्हणजे काउंटरमागून बाहेर यायचं, बिराप्पाला उठवायचं, स्टुलावर बसायचं आणि हरिबाचा पाय मांडीवर घ्यायचा. चार पावलांचं अंतर होतं. नानासोंना पंगत आठवली. मंगलताईंनी नुसती मान हलवली, कुणाला कळणार नाही एवढीच.

"घालून तर बघू दे," ते तिथूनच म्हणाले.

चमच्यानं पाय आत गेला. हरिबा उभा राहिला, आरशापर्यंत गेला, आला. करंगळीपाशी चामडं फुगलं होतं आणि तिथली चकाकी पांढरट पडली होती. नानासोंना ते दिसलं. लांबूनही दिसलं.

"लागतं का कुठं?" त्यांनी वरूनच विचारलं.

"छ्या! काय बी न्हाई." हरिबा हसला. "जनू पायात कायच न्हाई!"

"बघा," हरणाबाई कौतुकानं म्हणाल्या. "मॅनेजर माणसाचं दुकान!"

खोकं पिशवीत घालताना बिराप्पा हळूच म्हणाला, "आण्णा, करंगळीवर ताणलंय."

"सैल पडंल," नानासो म्हणाले.

लग्न मिरज रस्त्यावरच्या हॉलमध्ये झालं. कन्यादानाआधी नानासोंनी जावयाचे पाय परातीत धुतले. धनाजीनं वरून पाण्याची धार धरली होती. पाय धुता धुता नानासोंच्या हातांनी आपोआप माप घेतलं. नऊ, डावा किंचित मोठा. सगळं वऱ्हाड बघत होतं, कॅमेरा बघत होता, आणि कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. खाली बसून पाय हातात घेणं इथे मान होता. तेच हात, तसाच पाय. हे त्यांच्या मनात आलं आणि परातीतलं पाणी अंगावर उडाल्यासारखे ते जरासे मागे सरले.

हरिबा पहाटेपासून बुटात होता. पाहुण्यांत पायावर पाय टाकून बसायचा आणि कुणी बघितलं की सांगायचा, "व्याह्यानं दिल्यात. मॅनेजर हायती." वरातीत तर तो लेझीम घेऊन नाचला. हलगी थांबली तरी तो थांबेना. नानासो लांबून त्याच्या डाव्या पायाकडे बघत होते. एवढा नाचतोय, म्हणजे लागत नसणार. त्यांनी स्वतःला सांगितलं आणि ते मान्यही करून टाकलं.

अकराव्या दिवशी मायाचा फोन आला.

"अण्णा, आबांना मिरजेला ॲडमिट केलंय. पायाला जखम झालीय, करंगळी काळी पडलीय. लग्नापासनंच होती म्हणे. मोज्यामुळं कुणाला कळलं नाही."

"त्यास्नी कळली न्हाई?"

"नाही ना. त्यांना दुखतच नाही काही."

नानासो दुकानातच होते. फोन कानाशी तसाच धरून ते खाली बघत राहिले. *जनू पायात कायच न्हाई.* अडतीस वर्षांत हजारो माणसांना त्यांनी तो प्रश्न विचारला असेल. कुणी म्हणालं अंगठ्याला लागतं, कुणी म्हणालं टाचेला घासतं, कुणी म्हणालं जरासं, पण चालंल. पायात काहीच नसल्यासारखं वाटतं, असं कोऱ्या बुटात उभा राहून एकही माणूस म्हणाला नव्हता. तो पाय मांडीवर घेतला असता, अंगठ्यानं दाबला असता, तर भुवई हलत नाही हे दिसलं असतं. मोजा काढला असता तर पायाचा गारपणा हाताला कळला असता. साखर असलेली गिऱ्हाइकं काय त्यांनी कमी बघितली होती?

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात हरणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. करंगळी काढावी लागली होती. नानासोंना आणि मंगलताईंना बघताच त्या उठल्या आणि त्यांनी हात जोडले.

"पाव्हणं, चूक आमची हाय. चार वर्सं झाली त्यास्नी साकर हाय. पायाला कायच कळत न्हाई. मागं चुलीतला इस्तू पायावर पडला, तर वास आला तवा मला कळलं. तो डाग दिसू नये म्हणून मोजं काढत न्हवतं. तुमी पोरगी द्यायचं न्हाई म्हणशीला म्हणून आमी बोललो न्हाई. त्या दिशी दुकानात माझ्या जिवाचं पाणी झालतं. तुमचं बूट एवढं चांगलं, आणि आमी..."

डोळ्याला पदर लावून त्या तशाच उभ्या राहिल्या.

इथे नानासोंनी बोलायला हवं होतं. बूट चांगले नव्हते, एक नंबर कमी होते, मला दिसत होतं. एवढंच. तीन लहान वाक्यं. ती जिभेपर्यंत आली. मंगलताई शेजारी उभ्या होत्या, माया पाण्याची बाटली घेऊन येत होती.

"असू द्या, विहीणबाई," ते म्हणाले. "व्हायचं ते झालं."

माफ केलं त्यांनी त्या बाईला! घरी येईपर्यंत ते वाक्य त्यांच्या कानात वाजत राहिलं. मंगलताई म्हणाल्या, "बघा, लपवलं ना त्यांनी." नानासोंनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी तो गोल तोंडाचा रुंद नऊ नंबर काढला आणि आत हात घालून बसले. ऐसपैस जागा होती. बिराप्पानं बघितलं आणि तो खोकी लावत राहिला. तो एक शब्द टोचून बोलला असता तर बरं वाटलं असतं. वडील एकदा या दुकानाच्या पायरीपर्यंत आले होते, तेही नानासोंना आठवलं. आत ये म्हटलं तर आले नाहीत. "माझा पाय तुझ्या डब्यात मावायचा न्हाई," म्हणून हसले आणि गेले. त्या पायाचं माप घ्यायचं राहूनच गेलं होतं.

हरिबाला घरी सोडायच्या दिवशी सगळे वॉर्डात जमले. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, "अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. मऊ तळाची, रुंद पट्ट्याची चप्पल करून घ्या. माप अगदी नीट घ्या. यांना टोचलेलं कळत नाही, म्हणजे ते दुसऱ्या कुणाला तरी कळायला हवं." आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

हरिबा उशीला टेकून बसला होता. हसणं अजून आलं नव्हतं, पण आवाज तसाच. "पाव्हणं, तुमच्या दुकानातला त्यो गडी धाडा की. बिराप्पा. गरीब हाय बिचारा, पायाला चांगला हात लावतो."

"धाडतील की," मंगलताई घाईनं म्हणाल्या. "त्यांचा शब्द कोण मोडतंय."

नानासोंनी पिशवीतून कागद काढला, पेन्सिल काढली. सकाळी घरातून निघताना ती घेतली होती, कशाला ते स्वतःला सांगितलं नव्हतं. ते खाटेशी गेले आणि खाली फरशीवर बसले. गुडघे वाजले.

"आवं, हे काय?" मंगलताई पुटपुटल्या.

नानासोंनी हरिबाचा उजवा पाय धरून मांडीवर घेतला. पाय गार होता.

"गडी मीच हाय, पाव्हणं," ते पायाकडेच बघत म्हणाले. "मॅनेजर बिनेजर काय न्हाई. अडतीस वर्सं हेच काम करतो. बूट एक नंबर कमी होता. करंगळीवर ताणलेलं मला दिसत होतं. बिराप्पानं सांगितलंबी. तुमच्या म्होरं खाली बसायची लाज वाटली."

मायाच्या हातातली डब्याची पिशवी खाली टेकली. वडील दुकानात काय करतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं. बूट कमी होता, हे माहीत नव्हतं. हरणाबाईंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा विहिणीकडे. त्यांनी त्या दिवशी जोडलेले हात आता पदरात गेले.

हरिबानं व्याह्याच्या मांडीवरच्या आपल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "साकर मी लपवली. तुमी काम लपवलं. लबाड दोगंबी. पर बोट माझं गेलं, पाव्हणं."

"व्हय."

"लाज वाटावी असं काय वंगाळ हाय त्यात? मी जन्मभर मेंढरांच्या खुरातलं काटं काढलं. पाय मांडीवर घेऊनच काढलं की."

नानासोंनी कागदाची घडी उलगडली. कान तापले होते. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कोपरावर उठून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "आवं, झाल्यावर आमचंबी माप घ्या की. मलाबी चप्पल करायला सांगितलीया." कुणीच हसलं नाही, तसा तो परत आडवा झाला.

नानासोंनी कागद फरशीवर ठेवला, हरिबाला धरून उभं केलं आणि उजव्या पायाभोवती पेन्सिल फिरवली. मग डाव्या. पट्टी बांधलेली होती, म्हणून तिथे रेघ लांबून नेली, दुप्पट जागा सोडून. करंगळीपाशी पेन्सिल अडखळली. ती जागा आता रिकामी होती. तिथेही जागा धरायची की नाही, हे एवढ्या वर्षांत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी जागा धरली.

मग सवयीनं अंगठा पायाच्या कडेवर दाबत त्यांनी मान वर केली आणि तोंडातून निघून गेलं, "लागतं का कुठं?"

हरिबा त्यांच्याकडे बघत राहिला. भुवई हलली नाही.

"मला नका इचारू," तो म्हणाला. "तुमी हात लावून बघा."

नानासोंनी मान खाली घातली आणि बघू लागले.